शाल, श्रीफळ आणि हक्कसोड

काही शेळ्यांच्या गळ्याला दोन मांसल बोंडं लोंबत असतात. दिसायला आचळासारखी, पण दुधाचा थेंब निघत नाही. संस्कृतात त्यांना अजागलस्तन म्हणतात. मराठीतला ‘अजागळ’ हा शब्द तिथूनच आला. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या एका बाईनं स्त्रीसुधारणेच्या सभांना नेमकी हीच उपमा दिली. भारी शाली आणि जरीची पागोटी घालून सभेला जायचं, पानसुपारीचा फडशा पाडायचा, हारतुरे घ्यायचे, अंगावर गुलाबपाणी शिंपडून घ्यायचं आणि घरी परतायचं. तीस-पस्तीस वर्षं हेच चाललंय, त्यातून बायकांच्या पदरात काय पडलं, असा तिचा रोकडा सवाल होता.

बाईचं नाव ताराबाई शिंदे, पुस्तकाचं नाव ‘स्त्रीपुरुषतुलना’. गुलाबपाणी आता मागे पडलंय. शाल मात्र टिकून आहे.

ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्यात डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. घराणं मराठा, विचारानं सत्यशोधक. मुलीला त्यांनी मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. त्या काळच्या वऱ्हाडातल्या आडवळणाच्या गावी ही साधी गोष्ट नव्हती. पुस्तकाला निमित्त झालं सुरतेकडच्या एका खटल्याचं. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेनं लपवून बाळाला जन्म दिला आणि बदनामीच्या धास्तीनं त्याला मारलं. १८८१ मध्ये कोर्टानं तिला फाशी सुनावली. अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रांना विषय मिळाला. ‘पुणे वैभव’नं तर साऱ्या बायकाच बिघडल्याचा सूर लावला. त्या बाळाला बापही असेल, हे कुणाच्या लेखणीला सुचलं नाही.

ताराबाईंना ते सुचलं. साहस, कपट, मत्सर, अविचार असे जे जे दुर्गुण पोथ्यापुराणांनी बायकांच्या माथी मारले, ते एकेक उचलून त्यांनी पुरुषाच्या अंगावर बेतून पाहिले आणि ते अंगासरशी बसतात असं दाखवून दिलं. बायको गेली की दिवस उलटतात न उलटतात तोच पुरुष दुसरी आणतो. नवरा गेला तर बाईनं मात्र जन्मभर केस उतरवून कोपऱ्यात बसायचं, हा कुठला न्याय? पुरुषांनी पोशाख बदलला, खाणंपिणं बदललं, तेव्हा धर्म बुडाला नाही. बाईनं जरा मान वर केली की तो लगेच बुडतो. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात पाचशे प्रती निघाल्या, किंमत नऊ आणे.

मराठीत ‘सोंग’ आणि ‘ढोंग’ हे शब्द एकमेकांना चिकटून बसलेत, पण त्यांच्यात फरक आहे. बहुरूपी दारात पोलिसाचं सोंग घेऊन येतो तेव्हा तो पोलीस नाही हे त्यालाही ठाऊक असतं आणि पैसे देणाऱ्यालाही. ढोंगात हा करार नसतो. गंमत म्हणजे युरोपातल्या भाषांनी ढोंग्यासाठी जो शब्द घेतला, तो मूळ ग्रीक. त्याचा अर्थ नाटकातला नट. म्हणजे तिकडेही सोंगापासूनच ढोंगाकडे वाट गेली. आपल्याकडे या विषयाचा सगळा सिद्धांत एका म्हणीत मावतो: आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातल्या डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञानं १९९० च्या दशकात ही म्हण जणू प्रयोगशाळेत नेली. माणसांना दोन कामं वाटून द्यायची होती, एक बक्षिसाचं आणि एक कंटाळवाणं. एक स्वतःला, एक अनोळखी दुसऱ्याला. समोर नाणं ठेवलेलं, वाटलं तर उडवा. बऱ्याच जणांनी नाणं उडवलं, कारण तेच न्यायाचं दिसतं. छापा-काट्याच्या हिशेबानं निम्म्यांच्या वाट्याला कंटाळवाणं काम यायला हवं होतं. प्रत्यक्षात नाणं उडवणाऱ्या दहांपैकी सुमारे नऊ जणांनी चांगलं काम स्वतःकडेच ठेवलं. नाणं उडवल्याचं समाधानही मिळालं आणि बक्षीसही. पुढच्या एका प्रयोगात त्यांच्यासमोर आरसा ठेवला, तेव्हा नाणं उडवणाऱ्यांची वाटणी बरोबर निम्म्यावर आली.

बॅटसनला यातून जे दिसलं ते महत्त्वाचं आहे. ढोंगी माणूस फक्त इतरांना फसवत नाही. आपण न्यायानं वागतोय अशी त्याची स्वतःचीही खात्री पटलेली असते.

बुलढाणा जिल्ह्यात हा मामला पाहायचा तर सिंदखेड राजापासून सुरुवात करावी लागते. लखुजी जाधवांच्या राजवाड्यात १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाबाईंचा जन्म झाला. दर १२ जानेवारीला इथे राज्यभरातून माणसं लोटतात, पहाटे वाड्यात पूजा होते, दिवसभर पुढाऱ्यांची रीघ असते, भाषणं होतात. येणाऱ्या सामान्य माणसाच्या भक्तीवर शंका घेण्याचं कारण नाही. पोराबाळांना घेऊन, भाकरी बांधून आलेल्या बायकांच्या डोळ्यांत जे दिसतं ते खरंच असतं. पण याच जिल्ह्याचा एक आकडा त्या मंचावरून सहसा कुणी उच्चारत नाही. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ९०८ मुली होत्या. २०११ मध्ये ८५५. त्याच दहा वर्षांत राज्याचा आकडा ९१३ वरून ८९४ वर आला. राज्य घसरलं १९ नी, जिजाऊंचा जिल्हा ५३ नी.

हे कायदा नव्हता म्हणून झालं नाही. गर्भलिंगनिदानावर बंधन घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राचाच, १९८८ चा. केंद्राचा १९९४ ला आला, २००३ मध्ये आणखी कडक झाला. प्रत्येक सोनोग्राफी केंद्राच्या भिंतीवर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी सक्तीची आहे, आणि ती असतेच. पाट्या वाढल्या आणि मुली घटल्या, दोन्ही एकाच दशकात. घराघरांतला हिशेब त्याहून जुना: मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी किंवा जिलेबी. मिठाईच्या दुकानदाराला काही विचारावंच लागत नाही, गिऱ्हाइकानं कशाकडे बोट दाखवलं त्यावरून त्याला कळतं. साताऱ्यात ऑक्टोबर २०११ मध्ये ‘नकुशा’ किंवा ‘नकोशी’ असं नाव ठेवलेल्या २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावं दिली गेली. त्यांच्या आईबापांना निदान लपवाछपवी तरी जमली नव्हती.

राजकारणातलं ढोंग यापेक्षा वेगळ्या मातीचं नसतं, फक्त त्याला माईक असतो. संसदेत महिला आरक्षणाचं विधेयक पहिल्यांदा आलं १९९६ ला. ते मंजूर झालं सप्टेंबर २०२३ मध्ये, लोकसभेत ४५४ विरुद्ध २ अशा मतांनी. म्हणजे जवळपास एकमत. पण अंमल नव्या जनगणनेनंतर आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर. तोवर आपणहून तिसरा हिस्सा उमेदवाऱ्या बायकांना द्यायला कुठल्याही पक्षाला कायद्याची आडकाठी नव्हती. पुढच्याच वर्षी निवडणूक झाली. २०१९ मध्ये ७८ स्त्रिया लोकसभेत गेल्या होत्या, २०२४ मध्ये ७४ गेल्या. बुलढाणा मतदारसंघानं तर १९६२ पासून एकाही सार्वत्रिक निवडणुकीत स्त्री खासदार पाठवलेली नाही. विधानसभेच्या सात जागांपैकी चिखलीनं आधी रेखाताई खेडेकर आणि आता श्वेता महाले यांना निवडून दिलं. २०२४ च्या निकालात जिल्ह्यातली ती एकच आमदार स्त्री. बुलढाणा शहराच्या जागेवर जयश्री शेळके ८४१ मतांनी हरल्या. मतदारांनी इतकं जवळ आणून सोडलं, म्हणजे बाईला मत पडत नाही हे पक्षांचं लाडकं कारणही फारसं टिकत नाही.

ग्रामपंचायतीत आरक्षण आहे, २०११ पासून निम्मं. तिथे ढोंगानं दुसरी वाट शोधली आणि मराठीला एक नवा शब्द दिला: सरपंचपती. निवडणुकीच्या फलकावर बाईचा फोटो लहान आणि नवऱ्याचा किंवा दिराचा मोठा. खुर्ची तिची, बोलणं त्याचं, सही पुन्हा तिची. हा प्रकार इतका अंगवळणी पडला की केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाला त्यावर समिती नेमावी लागली. सगळ्याच सरपंचबाया अशा नसतात हेही सांगायला हवं. पाच वर्षं नवऱ्याच्या मागे बसून कारभार शिकलेली बाई दुसऱ्या खेपेला त्यालाच दाराबाहेर बसवते, असंही घडतं.

पण सगळ्यात सभ्य, सगळ्यात प्रेमळ ढोंग भाऊबीजेचं आहे.

त्याचा कागद दुय्यम निबंधकाच्या कचेरीत तयार होतो. नाव हक्कसोडपत्र. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला, केंद्रानं २००५ मध्ये, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये उरलासुरला संशयही दूर केला. कायद्यापुरतं बोलायचं तर प्रश्न मिटला. मग वडील वारतात, तेरवी होते, सातबाऱ्यावर वारसांची नोंद लागते, त्यात बहिणींचीही नावं चढतात. आणि कुणीतरी काका, मामा हळूच विषय काढतो: आता बहिणीचं नाव वावरात ठेवून काय करायचं, तिला तिच्या घरी कमी आहे का? बहीण सही करते. नाही केली तर माहेर तुटतं, हे तिला न सांगता कळतं. भाऊ तिला साडी घेतो, जेवायला थांबवतो, मोटारसायकलवर एसटी स्टँडपर्यंत सोडतो. एकराचा बाजारभाव त्या दिवशी कुणाच्या तोंडी येत नाही. भावाला मनापासून वाटतं की आपण बहिणीचं सगळं करतो. बॅटसनचं नाणं इथे उडवलंसुद्धा जात नाही, ते ओवाळणीच्या ताटात पडतं.

वऱ्हाडात याची किंमत फार जड आहे. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांचं ३,७५० कोटींचं पॅकेज ज्या सहा जिल्ह्यांना मिळालं, त्यात बुलढाणा होता. अशा घरातल्या विधवेला सातबाऱ्यावर नाव लावून घेताना सासरी झगडावं लागतं आणि माहेरी तिनं कधीच हक्क सोडलेला असतो. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम याच दुखण्यावर काढली होती: शेतकऱ्यानं राजीखुशीनं थोडी जमीन बायकोच्या नावे करायची. आंदोलनात बाई पुढे आणि सातबाऱ्यावर कुठेच नाही, ही विसंगती संघटनेनं स्वतःच ओळखून स्वतःच्याच कार्यकर्त्यांपुढे मांडली, हे तिचं मोठेपण.

आणखी एक ढोंग सरकारी छापाचं. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो. एका दिवसाचाही मिळतो, देशीसाठी दोन रुपये, विदेशीसाठी पाच. किती पिणाऱ्यांच्या खिशात तो असतो, हे ज्याचं त्यानं सांगावं. गावातलं दुकान बंद करायचं तर महिला मतदारांनी मतदान करून ‘आडवी बाटली’ बहुमतानं निवडायची, तीही एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतांनी. आमदार व्हायला इतक्या टक्के मतं लागत नाहीत. वर्ध्यात १९७५ पासून बंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. जून २०२५ मध्ये राज्यानं दारूवरचं शुल्क वाढवलं, अपेक्षा वर्षाला १४ हजार कोटींच्या जादा महसुलाची. त्याच्या साधारण वर्षभर आधी ‘लाडकी बहीण’ योजनेत बायकांना महिन्याला दीड हजार रुपये सुरू झाले होते. तिजोरी एकच. नवऱ्यानं दुकानात दिलेला पैसा फिरून बायकोच्या खात्यात यायचा, आणि तिनं संध्याकाळी आडव्या बाटलीसाठी सह्या गोळा करत फिरायचं. या योजनेचा लाभ १४ हजारांहून अधिक पुरुषांनीही घेतल्याचं जुलै २०२५ मध्ये उघड झालं. ताराबाई असत्या तर त्यांना तुलनेसाठी आयतंच प्रकरण मिळालं असतं.

ताराबाईंचं पुढे काय झालं? पुस्तकावर टीका झाली. टीकाकारांत सत्यशोधक मंडळीही होती, म्हणजे समतेची शपथ घेतलेली माणसं. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली आणि आपल्याच माणसांचे कान उपटले. वैऱ्याचं ढोंग कुणीही दाखवतो; आपल्या मेळ्यातलं दाखवायला फुल्यांची छाती लागते. याच बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीच्या पंढरीनाथ पाटलांनी १९२७ मध्ये फुल्यांचं चरित्र लिहिलं. फुल्यांची आठवण जिल्ह्यानं जपली. ताराबाईंचं दुसरं पुस्तक मात्र कधी आलं नाही, पहिलंही विस्मरणात गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते शोधून पुन्हा छापलं, तेव्हा महाराष्ट्राला कळलं की असं काही लिहिलं गेलं होतं. मधली नव्वद वर्षं सभा होतच होत्या.

४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव केला: नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. दोन आठवड्यांच्या आत राज्य सरकारनं परिपत्रक काढून साऱ्या ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापून तेव्हा १४० वर्षं झाली होती. त्यानंतर राज्यभर ठराव झाले, त्यांचे फोटोही निघाले. ठराव झालेल्या गावात पुढची मयत होते तेव्हा अंगणात काय घडतं, त्याचं इतिवृत्त लिहिलं जात नाही.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढची लोकसंख्या मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरली आहे. त्याच्या महिनाभर आधी, १२ जानेवारीला, सिंदखेड राजाच्या वाड्यात पहाटे पूजा असेल, मंचावर शाली आणि श्रीफळं असतील. मग प्रगणक देऊळगाव राजा, लोणार, मेहकर, मोताळ्याच्या गावांतून दारोदार फिरतील आणि घरात सहा वर्षांपर्यंतची मुलं किती, मुली किती, हे विचारतील.