लग्नपत्रिकेची मोटार

हौसेला मोल नसते, असे आपण म्हणत आलो. पण बाजाराने ते मोल ठरवून ठेवले आहे, आणि ते लहानसहान नाही. छोट्या प्रमाणात हुबेहूब मोटारी जोडण्याचा छंद घ्या. परदेशाहून येणारा सुट्या भागांचा एक खोका काही हजार रुपयांचा. त्यात रंग, फवारा, चिमटे, कात्र्या यांची भर घातली, की मध्यम घरातला मुलगा दुकानाच्या काचेपाशी उभा राहून परत फिरतो. गेल्या मे महिन्यात असाच एक बारा वर्षांचा मुलगा परत फिरला आणि आमच्या शेजारी, रामबागेतल्या आपल्या आजोळी, दोन दिवस रुसून बसला.

त्याचे आजोबा म्हणजे आमचे शेजारचे काका. तरुणपणी ते एका कापडगिरणीत फिटर होते. इंदूरच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तशी त्यांचीही पडली. पुढे त्यांनी पोटासाठी नाना कामे केली, परंतु गिरणीतली मोजमापाची हत्यारे तेल लावून, फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवली ती ठेवलीच. नातवाचा रुसवा पाहून ते एवढेच म्हणाले, "अरे, विकत आणलेले भाग जोडायचे, तर त्यात तुझे काय? मोटार आपण घरीच करू." आणि कित्येक वर्षांनी ते फडके सुटले.

आता वाचकांपैकी पुष्कळांना वाटेल, की मुलांच्या खेळण्याला एवढे मोजमाप कशाला? खेळणे आणि प्रतिकृती यांत हाच तर भेद आहे. खेळण्यात मोटार मोटारीसारखी दिसली की झाले. प्रतिकृतीत प्रत्येक भाग मूळ भागाच्या एकाच ठरलेल्या हिश्शाने लहान व्हावा लागतो. ही प्रमाणेही कोणी लहरीने ठरविलेली नाहीत. एकास त्रेचाळीस हे मोटारींचे प्रसिद्ध प्रमाण आले ते इंग्लंडातल्या खेळण्यातल्या आगगाडीवरून. तेथे एका फुटाला सात मिलिमीटर धरीत, आणि त्या आगगाडीच्या स्टेशनाबाहेर उभ्या करायला मोटारी त्याच मापाच्या हव्या होत्या. अमेरिकेत एकास पंचवीस रूढ झाले, कारण मोटारींचे विक्रेते गिऱ्हाइकांसाठी त्या मापाच्या छोट्या मोटारी ठेवीत. जपानी खोक्यांवर बहुधा एकास चोवीस असते. काकांनी हेच चोवीस धरले. कारण साधे होते. फूट बारा इंचांचा, म्हणून मूळ गाडीचा एक फूट म्हणजे प्रतिकृतीचा बरोबर अर्धा इंच!

मोटार कोणती करायची, यावर आजोबा-नातवांत थोडी झकाझकी झाली. नातवाला शर्यतीची हवी होती. आजोबा म्हणाले, अँबॅसडर. बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यात १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत ती तयार होत होती. तिचा मूळ साचा इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचा, पण इतकी वर्षे आपल्या रस्त्यांवर काढल्यावर तिला परदेशी कोण म्हणेल? शिवाय गल्लीच्या टोकाला एका मेकॅनिककडे एक अँबॅसडर धूळ खात उभी होती. मापे घ्यायला त्याची ना नव्हती. भर उन्हात दोघांनी टेप धरली. लांबी ४३२५ मिलिमीटर, रुंदी १६६२, उंची १५९३, पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर २४६४. चोवीसने भागून नातवाने वहीत लिहिले : १८०, ६९, ६६ आणि १०३. ज्या मुलाला भागाकाराचे गणित म्हटले की पोटात दुखत असे, त्याने एका दुपारी असे चाळीस भागाकार केले, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

पुठ्ठ्याचा प्रश्न काकूंच्या ट्रंकेने सोडविला. मुलीच्या, म्हणजे या मुलाच्याच आईच्या, लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा तीत होता. लग्नपत्रिकेचा कागद जाड, घट्ट आणि सपाट. कापला तर कडा धारदार निघते. काकूंनी आधी साफ नकार दिला. शुभकार्याच्या पत्रिका कापायच्या म्हणजे काय? अखेर त्यांनी स्वतः कात्री घेऊन प्रत्येक पत्रिकेवरचा गणपती अलगद कापून बाजूला ठेवला आणि उरलेला कागद नातवाच्या हाती दिला. बुडाला जोड्यांच्या खोक्याचा जाड पुठ्ठा, काचांना शर्टाच्या खोक्याच्या झाकणाचा पारदर्शक पापुद्रा, आसाला बॉलपेनची रिकामी नळी, बंपरला खराट्याची काडी आणि चकाकीला चॉकलेटची चांदी. विकत आणावे लागले ते एवढेच : पात्याची सुरी ४० रुपये, फेव्हिकॉल ३०, पॉलिश पेपर ३०, ऑइल पेंटची डबी ७०, चपडा आणि स्पिरिट ३०. एकूण दोनशे रुपये.

काम सोपे मात्र नव्हते. कागद एका दिशेने वाकतो, एकाच वेळी दोन दिशांनी वाकत नाही. आणि अँबॅसडरचे अंग तर सगळे गोलाईचे. यावर काकांनी होडी बांधणाऱ्यांची युक्ती काढली. गाडीचे आडवे छेद पुठ्ठ्यातून कापायचे, ते फासळ्यांसारखे ओळीने उभे करायचे आणि त्यांवर अरुंद पट्ट्या शेजारी-शेजारी चिकटवायच्या. मधल्या फटी खडूच्या भुकटीत फेव्हिकॉल कालवून केलेल्या लांबीने भरायच्या, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासायच्या, पुन्हा भरायच्या, पुन्हा घासायच्या. चाके केली ती कागदाची लांब पट्टी काडीभोवती घट्ट गुंडाळून. व्यास २७ मिलिमीटर भरला की थांबायचे.

पहिले छत वाकडे झाले. फेव्हिकॉल सढळ हाताने लावला, कागदाने पाणी प्यायले, फुगला आणि वाळताना पापडासारखा वळला. काका रागावले नाहीत. त्यांनी कागदाचा एक तुकडा उभा आणि एक आडवा वाकवून दाखविला. लाकडाप्रमाणे कागदालाही धागा असतो. धाग्याच्या बाजूने तो सहज वळतो, आडवा वळताना मोडतो. दुसरे छत धागा पाहून कापले, गोंद बोटाने पुसट लावला आणि रात्रभर जाडजूड शब्दकोशाखाली दाबून ठेवले. ते सरळ निघाले. रंगाआधी स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या चपड्याचे दोन हात दिले, म्हणजे कागद रंग पीत नाही. पांढरा रंगही एकदम जाड नव्हे, पातळ थरांनी, प्रत्येक थर पुरता वाळू देऊन. मागच्या दिव्यांना आईचे लाल नेलपॉलिश लावण्याचा बेत नातवाने केला, तेव्हा खालचा ऑइल पेंट सुरकुतला आणि ती बाजू पुन्हा घासावी लागली. शेवटी काकूंच्या दोन लाल टिकल्या तेथे बसल्या, आणि त्या अशा शोभल्या की जणू त्यासाठीच केल्या असाव्यात.

अशा छंदाला "कचऱ्याचा पसारा" म्हणणारे घरोघर असतात. त्यांच्या माहितीसाठी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. अमेरिकेत १९३० ते १९६८ या काळात जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने मुलांसाठी अशी एक स्पर्धाच चालविली होती. आरंभी नेपोलियनच्या काळातल्या घोडागाडीची प्रतिकृती करावी लागे. पुढे मुलाने स्वतः कल्पिलेल्या मोटारीची, एकास बारा प्रमाणात. जिंकणाऱ्याला महाविद्यालयीन शिक्षणाची शिष्यवृत्ती मिळे. घरच्या टेबलावर लाकूड तासणाऱ्या त्या मुलांतील कित्येक पुढे मोटारींचे आराखडे करणारे झाले. मग आपल्याकडेच हे परके का वाटावे? दिवाळीचा मातीचा किल्ला, गौरीची आरास, गणपतीचे मखर, ही सारी हाताने लहान जग उभे करण्याचीच कामे नव्हेत काय?

आणि मोटारीच्या हौसेची तर आपल्या इंदुराला परंपरा आहे. महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३०च्या दशकात अमेरिकेच्या ड्यूझेनबर्गचा सांगाडा घेऊन त्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून केशरी आणि काळ्या रंगाचे अंग चढवून घेतले होते. जगातल्या देखण्या मोटारींत तिची गणना होते. ती गाडी इंदुरातून केव्हाच गेली. काकांच्या मनात पुढची प्रतिकृती तिचीच आहे. मापे घ्यायला गाडी नाही, तर छायाचित्रावरून काढू, असे ते म्हणतात : अगदी बाजूने घेतलेले चित्र हवे आणि दोन चाकांमधले खरे अंतर ठाऊक हवे, त्या एका अंतरावरून बाकीची मापे त्रैराशिकाने निघतात. राजाने जे परदेशातून घडवून आणले, ते रामबागेत पत्रिकेच्या कागदावर उतरणार आहे.

अँबॅसडर पुरी व्हायला पस्तीस दिवस लागले. एक दार किंचित उंच बसले आहे आणि पुढचे डावे चाक थोडे हलते. जूनमध्ये मुलाची आई त्याला न्यायला आली, तेव्हा मीही तेथे होतो. तिने गाडी तळहातावर घेतली, उलटसुलट पाहिली आणि खिडकीतून आत डोकावली. रंग नीट धरावा म्हणून पत्रिकेची गुळगुळीत, छापील बाजू काकांनी आत ठेवली होती; छताच्या आतल्या बाजूला तिचे आणि तिच्या यजमानांचे नाव अर्धेअधिक वाचता येत होते. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, माझी पाठवणी अँबॅसडरमधूनच झाली होती ना?"

"तीच आहे ही," काका म्हणाले, आणि चष्मा पुसू लागले.

हत्यारे पुन्हा ट्रंकेत गेलेली नाहीत. ती आता खिडकीपाशी फळीवर असतात.