आरशाचा पारा उडाला? खरवडण्याआधी हे ऐका

जुन्या आरशावर काळे डाग पडले की आपण म्हणतो, ‘पारा उडाला.’ पण बहुतेक आरशांमागे पारा नसतोच, चांदीचा पातळ थर असतो. काचेवर अशी चांदी चढते, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी १८३५ मध्ये दाखवलं. कडेने ओल शिरली की ती काळवंडते. पुसून उपयोग नाही.

मग कारागीर काय करतो? मागचा रंग आणि जुना थर काढतो, काच लख्ख धुतो, सिल्व्हर नायट्रेट-अमोनियाचं द्रावण साखरेसोबत ओततो. चांदी चढली की वरून रंगाचा हात.

घरी मात्र नको! हे द्रावण साठवलं तर स्फोट होऊ शकतो. आणि आरसा एकोणिसाव्या शतकातला असेल, तर मागे खरोखरच कथील-पारा असू शकतो. तो विषारी. खरवडू नका, डागांसकट जपा.