नवी पिल्ले आणि जुन्या कोंबड्या

पाऊस सुरू होताना आपल्या धडगाव-अक्कलकुवा भागातील पाड्यांवर पिल्ले येतात. कुणाला सरकारी योजनेतून, कुणाला आपल्या मिशनमार्फत, तर कुणी बाजारात टोपली घेऊन आलेल्या विक्रेत्याकडून घेते. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघायच्या वेळी त्यांतली किती उरली, हे विचारले की बायका हसून विषय बदलतात. दोष घारीवर आणि मुंगसावर जातो. तो काही अंशी खराही आहे. पण बरीच पिल्ले अंगणातल्या अंगणात, आपल्याच जुन्या कोंबड्यांच्या चोचीने आणि त्यांच्या रोगाने मरतात. हे नुकसान टाळता येते, म्हणून या अंकात त्याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहोत. ज्यांना वाचता येते त्यांनी शेजारणीला वाचून दाखवावे.

कोंबड्यांच्या कळपात मान ठरलेला असतो. कोणी आधी दाणे टिपायचे, कोणी खुराड्यात वरच्या दांडीवर बसायचे, हे त्यांनी एकमेकींना टोचून ठरवलेले असते. सुमारे शंभर वर्षांपूर्वी नॉर्वेतील शेल्डेरुप-एब्बे या संशोधकाने हे शास्त्राच्या भाषेत मांडले. आपल्या आजीबाईंना ते त्याआधीच माहीत होते. क्रम एकदा ठरला की कळप शांत राहतो. नवा पक्षी आला की तो क्रम पुन्हा ठरवावा लागतो, आणि त्यात सर्वांत लहान पक्ष्याला सर्वांचा मार बसतो. मोठी कोंबडी तेवढा मार सहन करते. चार आठवड्यांचे पिल्लू करू शकत नाही. ते कोपऱ्यात दबून बसते, दाण्यापर्यंत पोचत नाही आणि हळूहळू झुरते.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे खुडूक कोंबडी. आपली गावठी कोंबडी आई म्हणून उत्तम असते. दोन-अडीच आठवडे अंड्यांवर बसलेली कोंबडी घरात असेल, तर एक-दोन दिवसांची विकतची पिल्ले रात्री, पूर्ण अंधारात, एकेक करून तिच्या पोटाखाली सरकवावीत आणि तितकी अंडी काढून घ्यावीत. सकाळी उजाडण्यापूर्वी मात्र जागे राहावे. ती पिल्लांना हळू आवाजात बोलावत असेल तर स्वीकारली असे समजावे. डोक्यावर जोरात टोचत असेल तर लगेच काढून घ्यावीत, उद्या स्वीकारेल या आशेवर ठेवू नयेत. पिल्ले तीन-चार दिवसांपेक्षा मोठी असतील तर हा प्रयत्न सहसा फसतो, कारण तोवर त्यांनाही आई म्हणजे काय ते कळेनासे झालेले असते. एका कोंबडीखाली दहा-बारा पिल्ले पुरे. पावसाळ्यात त्याहून कमी, कारण सगळ्यांना ऊब मिळाली पाहिजे. अशा पिल्लांना कळपात वेगळे मिसळवावे लागत नाही. आईच दुसऱ्या कोंबड्यांना दूर ठेवते आणि ती पिल्ले सोडते तोवर त्यांनी आपली जागा केलेली असते.

गिरिराज, वनराज अशा जातींची पन्नास-शंभर पिल्ले एकदम आली, तर आई कुठून आणणार? ती वेगळ्या जागीच वाढवावी लागतात. पहिल्या आठवड्यात सुमारे ९५ अंश फॅरनहाइट ऊब आणि पुढे दर आठवड्याला पाच अंश कमी, हा नियम बहुतेकांना प्रशिक्षणात सांगितलेला असतो. गडबड होते ती पुढे. पिल्लांना पिसे आली, ती धावू लागली, की "आता झाली मोठी" म्हणून सोडून दिली जातात. आमच्या मते अकरा-बारा आठवड्यांपूर्वी ती सोडू नयेत. तोवर ती तलंगा होतात, अंगाने जुन्या कोंबड्यांच्या जवळपास येतात.

सोडण्याआधी दोन आठवडे खुराड्याच्या एका बाजूला बांबूची जाळीदार तट्टी किंवा जुने मासेमारीचे जाळे ताणून बांधावे. पलीकडे जुन्या, अलीकडे नव्या. एकमेकींना पाहता यावे, टोचता येऊ नये. सुरुवातीला जुन्या कोंबड्या तट्टीवर धावून जातात. काही दिवसांनी त्यांना त्याचे काही वाटेनासे होते. मग एखाद्या संध्याकाळी अंधार पडल्यावर नव्यांना दांडीवर जुन्यांशेजारी बसवावे. एकटे पिल्लू कधीच सोडू नये, सगळी एकदम सोडावीत, म्हणजे मार वाटला जातो. दाणे आणि पाणी तीन-चार ठिकाणी ठेवावे. तट्टीच्या तळाशी लहान भोक ठेवले, ज्यातून तलंग जाईल पण मोठी कोंबडी अडेल, तर पळायला वाट राहते.

थोडी टोचाटोची चालणारच. रक्त दिसले मात्र थांबू नये. लाल रंग दिसला की सगळ्या तिथेच टोचतात आणि पक्षी मरेपर्यंत सोडत नाहीत. त्याला उचलून वेगळे ठेवावे आणि जखमेवर जेन्शन व्हायोलेट लावावे. त्या जांभळ्या रंगाने रक्तही झाकले जाते.

चोचीपेक्षा मोठा धोका रोगाचा. जुनी कोंबडी वरून धडधाकट दिसते, पण तिच्या विष्ठेतून रक्ती हगवण, जंत पिल्लांना लागतात. म्हणून दाणापाणी आधी पिल्लांना द्यावे, मग जुन्यांकडे जावे. उलट केले तर आपल्याच पायांनी रोग पोचतो. बाजारातून आणलेली मोठी कोंबडी त्याच दिवशी अंगणात सोडू नये, तीन आठवडे दूर बांधावी. पाहुण्यांसाठी आणलेली असेल तर प्रश्नच नाही!

राणीखेत हा तर पाडाच्या पाडा रिकामा करणारा रोग. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी लशीचे इंजेक्शन, हे चुकवू नये. इंजेक्शननंतर दहा-बारा दिवसांनीच तट्टीशेजारी आणावे, कारण अंगात ताकद यायला तेवढा वेळ लागतो. जुन्या कोंबड्यांनाही त्याच दिवशी टोचून घ्यावे.

खाण्याबद्दल एकच गोष्ट. अंड्यांवरच्या कोंबड्यांचे खाद्य किंवा शिंपल्याचा चुरा पिल्लांना देऊ नये, त्यातील जास्त चुन्याने त्यांचे मूत्रपिंड बिघडते. मक्याची-ज्वारीची कणी आणि वाळवी मात्र दोघींना चालते.

आमच्या देणगीदार मित्रांनाही येथे एक विनंती. भाद्रपदात घरातले धान्य संपते तेव्हा मोलगीच्या बाजारात एक कोंबडा विकून आठवड्याचा किराणा येतो, आणि तो पैसा बाईच्या हातात राहतो. म्हणून पन्नास पिल्ले वाटण्यापेक्षा वीस पिल्ले, एक तट्टी आणि लशीचा खर्च दिला तर आम्हाला अधिक आनंद होईल.

लशीच्या एका बाटलीत बहुधा शंभर मात्रा असतात आणि पातळ केल्यावर ती तास-दोन तासांतच संपवावी लागते. तेव्हा एका घराने बोलावण्यापेक्षा पाड्यातील सर्वांनी एक सकाळ ठरवावी, आदल्या रात्री कोंबड्या डालग्यांखाली कोंडून ठेवाव्यात आणि आमच्या कार्यकर्त्यांना दोन दिवस आधी कळवावे, म्हणजे बर्फ घालून लस आणता येईल.