घरातली मराठी पुस्तके कॉलेजच्या ग्रंथालयाला देताना

आजी-आजोबांच्या कपाटातल्या मराठी पुस्तकांचे काय करायचे, हा प्रश्न बडोद्यातल्या अनेक मराठी घरांपुढे आहे. मुले मराठी बोलतात, पण वाचतातच असे नाही. रद्दीत घालवत नाही, म्हणून कॉलेजचे ग्रंथालय आठवते. विचार चांगला आहे; मात्र खोकी नेऊन ठेवली की काम संपले, असे होत नाही.

ग्रंथालयात आलेल्या पुस्तकाला आधी दाखल क्रमांक मिळतो, मग विषयाप्रमाणे वर्गांक, आणि शेवटी सूचीत नोंद होते. बऱ्याच कॉलेजांत ड्यूई दशांश पद्धत असते. तिच्यात मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६, हिंदीचा ८९१.४३ आणि गुजरातीचा ८९१.४७. लिपी देवनागरी पाहून कोणी मराठी कादंबरी हिंदीत टाकली, तर ती तिथेच हरवते. सूचीत रोमन लिपीत नाव चुकीचे पडले, तरीही तेच.

म्हणून पुस्तकांसोबत यादी द्यावी. तीत पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष व विषय लिहावा. नाव आणि लेखक देवनागरीत व रोमन लिपीत, दोन्हींत. जुन्या पुस्तकांवर पुष्कळदा शके असते. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो. उदाहरणार्थ, शके १८३२ म्हणजे १९१०. वर्षाच्या अखेरच्या महिन्यांसाठी ७९ मिळवावे लागतात.

नेण्याआधी ग्रंथपालांना यादी दाखवावी. त्यांच्याकडे असलेली पुस्तके ते घेणार नाहीत, आणि त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. वाळवी किंवा बुरशी लागलेली पुस्तके वेगळी काढावीत. फाटक्या पानांना चिकटपट्टी लावू नये. तिचे डाग कायमचे राहतात. सयाजी साहित्यमालेतली पुस्तके, बडोदे संस्थानची प्रकाशने किंवा स्थानिक संस्थांच्या स्मरणिका असतील, तर यादीत त्यांवर खूण करावी. अशा गोष्टी पुन्हा मिळणे कठीण असते.

आपल्या शहराला हा विचार नवा नाही. १९१० मध्ये सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालय खाते उभारले. ज्या गावांत ग्रंथालय नव्हते, तिथे पुस्तकांच्या पेट्या जात. पुस्तक वाचणाऱ्याच्या हाती पडले पाहिजे, हाच त्यामागचा हेतू.

तो आजही लागू आहे. जागा अपुरी पडली की वर्षानुवर्षे कोणी न नेलेली पुस्तके निर्लेखनाच्या यादीत आधी जातात. तेव्हा पुस्तके देऊन थांबू नये. आपली मुले, नातवंडे त्या कॉलेजात शिकत असतील तर त्यांना वर्षातून दोन-तीन मराठी पुस्तके तरी घरी आणायला सांगावे. वाचली घरात कोणीही, तरी नोंद होते. आणि त्या नोंदीवरच मराठीचे कपाट टिकते.