होडी कोणाची, पाहुणा कोणाचा?

मंडळी, बटाट्याचे ‘बटाटा’ हे नाव आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आले. पण या पिकाचे मूळ माहेर जिथे आहे, तिथले शेतकरी त्याला ‘पापा’ म्हणतात. हे माहेर म्हणजे दक्षिण अमेरिकेतला अँडीज पर्वत. तिथे पेरू आणि बोलिव्हिया या दोन देशांच्या सरहद्दीवर तितिकाका नावाचे एक विस्तीर्ण सरोवर आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ३,८१० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून अधिक! या सरोवरातल्या ताकिले नावाच्या एका लहानशा बेटाची हकीकत आज आपण पाहू. बेट केवढे? लांबी पाच-साडेपाच किलोमीटर आणि रुंदी दीड किलोमीटरच्या आसपास. वस्ती दोन हजारांच्या घरात. पण या बेटावरच्या शेतकऱ्यांनी जो प्रयोग केला, त्यातून खेडोपाडी राहणाऱ्या कोणालाही घेण्यासारखे पुष्कळ आहे.

आधी ही माणसे कोण, ते पाहू. ती केचुआ भाषा बोलतात. डोंगरउतारावर दगडी बांध घालून पायऱ्यापायऱ्यांची शेते करतात, आणि त्यांत बटाटा, सातू, घेवड्यासारखी कडधान्ये पिकवतात. बेटाच्या शेतीचे सहा भाग पाडलेले आहेत. कोणत्या भागात यंदा कोणते पीक घ्यायचे आणि कोणता भाग पडीक ठेवायचा, हे सारा गाव मिळून ठरवतो. एकमेकांच्या शेतावर श्रमाची फेड श्रमाने करायची, या रीतीला ते ‘आयनी’ म्हणतात. आपली सावड तीच की! पडणाऱ्या हिमाचाही ते उपयोग करून घेतात. जून-जुलैच्या कडाक्याच्या थंडीत बटाटे रात्री उघड्यावर पसरून ठेवतात. ते गोठले की दिवसा पायांनी तुडवून त्यांतले पाणी काढतात आणि उन्हात खडखडीत वाळवतात. याला ‘चुन्यो’ म्हणतात. नीट ठेवला तर हा चुन्यो कित्येक वर्षे टिकतो. दुष्काळाच्या वर्षासाठी घरात भरून ठेवलेले हे वाळवणच समजा ना.

दुसरी गोष्ट विणकामाची. या बेटावर सुयांवर विणकाम करतात ते पुरुष! मुलगा लहान असतानाच टोपी विणायला शिकतो. अविवाहिताच्या टोपीचा वरचा भाग पांढरा, आणि लग्न झालेल्याची टोपी सगळी लाल. बायका मागावर रुंद कमरपट्टे विणतात. त्यांतल्या एका पट्ट्यावर वर्षभराची शेतीची कामे आणि सणवार चित्रांनी विणलेले असतात. म्हणजे पंचांगच कमरेला बांधलेले! युनेस्कोने २००५ साली या विणकलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाचा एक श्रेष्ठ नमुना म्हणून गौरवले.

आता मुद्द्याकडे येऊ. ही जमीन पूर्वी बेटावाल्यांची नव्हती. स्पॅनिश राजवटीपासून ती बाहेरच्या जमीनदारांकडे होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या लोकांनी ती थोडी थोडी करून विकत घेतली. एकदा मालक होऊन बसल्यावर परत कोणाचे कूळ व्हायचे नाही, ही गोष्ट त्यांच्या मनावर पक्की ठसली. म्हणूनच १९७०च्या दशकात परदेशी प्रवासी बेट पाहायला येऊ लागले, तेव्हा गावसभेने पहिला प्रश्न विचारला तो हा, की येणाऱ्या पाहुण्याचा मालक कोण?

मग त्यांनी काय केले, ते नीट समजून घ्या. बेटावर बाहेरच्या कोणाला हॉटेल बांधू दिले नाही. पाहुणा उतरायचा तो शेतकऱ्याच्याच घरी. ज्या कुटुंबाला पाहुणे ठेवायचे असतील, त्याने कच्च्या विटांची एक स्वच्छ खोली बांधावी, अंथरूण-पांघरुणाची सोय करावी. मग गावाने नेमलेली समिती येऊन ती पाहील आणि पसंत पडली तर त्या घराचे नाव यादीत घालील. धक्क्यापासून गावापर्यंत पाचशेंहून अधिक दगडी पायऱ्या चढून पाहुणा धापा टाकत वर आला, की त्याचे नाव लिहून घ्यायचे आणि ज्या घराचा क्रम असेल त्या घरी त्याला पाठवायचे. पूर्वी आपल्याकडे गरीब विद्यार्थ्याला वार लावून देत, एकेका दिवशी एकेका घरी जेवायला. इथे मात्र उलटा प्रकार, वार पाहुण्याचे नव्हेत, यजमानांचे! ज्याच्या घरी आज पाहुणा, त्याच्या घरी आज पैसा. उद्या शेजाऱ्याच्या घरी.

विणलेल्या मालाचेही तसेच. तो घरोघर विकायचा नाही, चौकातल्या सहकारी दुकानात ठेवायचा. किंमत गावाने ठरवायची. दुकानावर बसायचे ते कुटुंबांनी आळीपाळीने. यामुळे झाले काय, की दोन शेजारी एकाच गिऱ्हाइकापुढे भाव पाडत बसले नाहीत.

आणि तिसरी, सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट होडीची. किनाऱ्यावरच्या पुनो शहरातून बेटावर यायला त्यांच्या होडीने तीन तासांच्या आसपास लागत. सुरुवातीला शहरातले होडीवाले प्रवासी आणीत आणि भाडे खिशात घालीत. तेव्हा बेटावरच्या लोकांनी गटागटाने पैसे जमवले, लाकडी होड्या स्वतः बांधल्या, त्यांना इंजिने बसवली. एकेका होडीचे मालक अनेक कुटुंबे. १९८०च्या दशकाच्या आरंभी बेटावर येणाऱ्या प्रवाशांची ने-आण जवळजवळ सगळी त्यांच्याच हातात आली. त्या काळी अभ्यासकांनी हे बेट पाहिले आणि शेतकऱ्यांच्या ताब्यातला प्रवासधंदा म्हणून त्याची नोंद केली.

इथवर गोष्ट गोड वाटते. पण ती इथे संपत नाही.

१९९०च्या दशकात पेरूच्या सरकारने खुल्या व्यापाराचे धोरण धरले आणि मक्तेदारीविरुद्ध कायदे केले. कायद्याच्या नजरेला मोठी कंपनी आणि बेटावरचा शेतकऱ्यांचा गट यांत फरक दिसला नाही. होड्यांवरचा बेटाचा हक्क गेला. शहरातल्या प्रवासकंपन्यांनी वेगवान बोटी आणल्या. त्या प्रवाशाला सकाळी घेऊन येतात, तास-दोन तास हिंडवतात, जेवायला घालतात आणि संध्याकाळच्या आत परत नेतात. आता गंमत पाहा. बेटावर येणाऱ्या माणसांची संख्या वाढली, पण रात्री मुक्काम करणारा पाहुणा दुर्मिळ झाला. मग क्रमवारीची यादी भिंतीला टांगलेली, आणि खोली रिकामी! शिवाय कोणत्या खानावळीत जेवायचे, हे ठरवणार कंपनीचा वाटाड्या. त्यामुळे ज्यांची त्याच्याशी ओळख, त्यांचे दुकान चालले. ज्या गावात कधी आपसांत चढाओढ नव्हती, तिथे कुरबुर सुरू झाली.

याचा अर्थ उघड आहे. घर आपले होते, अन्न आपले होते, कला तर आपलीच होती. पण पाहुणा घरापर्यंत आणणारी वाट दुसऱ्याच्या हाती गेली आणि तिच्याबरोबर मिळकतीचा मोठा हिस्साही गेला. आपला शेतकरी हे दुखणे चांगले ओळखतो. माल शेतात पिकवायचा आपण, आणि बाजाराची वाट अडतीच्या हातात, तसेच हे.

ताकिलेचे लोक मात्र हात जोडून बसले नाहीत. गावसभा भरतच राहिली. दुपारच्या जेवणाचे घास तरी सर्वांच्या वाट्याला यावेत म्हणून खानावळींचाही क्रम लावायचा प्रयत्न त्यांनी केला. पुढे शहरात स्वतःची प्रवासकचेरी उघडली, म्हणजे पाहुणा निघतानाच त्यांच्याशी बोलेल. शेजारच्या आमान्तानी या बेटावर तर मुक्कामाची चाल आजही चांगली टिकून आहे. तिथे दहा वाड्या आहेत आणि पाहुणे वाडीवाडीत वाटून दिले जातात. घरची बाई धक्क्यावर येऊन पाहुण्याला घेऊन जाते. चुलीवर किन्वा या धान्याचे सूप, उकडलेले बटाटे आणि तळलेले चीज होते. वर मुन्या नावाच्या रानपाल्याचा चहा, कारण त्या उंचीवर विरळ हवेने नवख्या माणसाचे डोके दुखते. बेटावर तांदूळ, साखर पिकत नाही, म्हणून जाणता पाहुणा येताना तेवढी भेट घेऊन येतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. या लोकांनी शेती सोडली नाही. २०२० साली साथीच्या रोगामुळे पेरूच्या सरहद्दी बंद झाल्या आणि परदेशी पाहुणा येईनासा झाला. अशा वेळी ज्याच्या शेतात बटाटा आणि कणगीत चुन्यो आहे, त्याची चूल विझत नाही. पाहुणा हे जोडपीक आहे, मुख्य पीक नव्हे, हे या हकीकतीतले शहाणपण.

आपल्या कोकणात आणि घाटमाथ्यावरही आता घरगुती मुक्कामाची सोय ठिकठिकाणी होत आहे. जिथे असा विचार चालू असेल, तिथल्या मंडळींनी खोलीला रंग कोणता द्यावा हे ठरवण्याआधी ग्रामसभेत चार प्रश्न विचारावेत. पाहुणा आणणार कोण? दर ठरवणार कोण? कोणाच्या घरी जायचे, ते कोणत्या क्रमाने? आणि पाहुणा आलाच नाही, तर घर कशावर चालेल?

गुरुजींना एक सुचवावेसे वाटते. वर्गात नकाशावर तितिकाका दाखवून झाले, की मुलांना एक हिशेब घाला. समजा, प्रवाशाने शंभर रुपये दिले. गाडी, वाटाड्या, जेवण, मुक्काम, खरेदी, यांतले कोणाचे किती झाले आणि गावात किती राहिले? एकदा गाडी गावाची धरून हिशेब करा, एकदा शहरातल्या कंपनीची धरून करा. दोन्ही उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी मांडली, म्हणजे ताकिलेच्या होडीची गोष्ट मुलांना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.