“आपा, गीझर कोणत्या कंपनीचा घेऊ?”

नोव्हेंबर निम्मा झाला की आमच्या मेहकरात पहाटेच्या पाण्याला हात लावायची हिंमत होत नाही. गच्चीवरच्या टाकीतले पाणी रात्रभर गार पडलेले असते. फजरच्या वुजूला उठलेली मुले नळाखाली बोट धरतात आणि आईकडे बघतात. मग घरोघरी गीझरची चर्चा सुरू होते.

धाकट्या भावाने यंदा गावाबाहेरच्या नव्या वस्तीत घर बांधले. बांधकाम आटोपत आले तसा त्याचा फोन आला. “आपा, गीझर कोणत्या कंपनीचा घेऊ? दुकानदार एक सांगतो, साडू दुसरीच सांगतो. तुम्ही सांगा.” मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे खानदानातले असले सगळे प्रश्न माझ्याकडे येतात. मी म्हटले, “कंपनीचे मागाहून बघू. आधी हे सांग, गॅसचा की विजेचा? आणि बसवणार कुठे?”

“गॅसचाच. बिल कमी येते. बाथरूममध्येच बसवतो, दुसरी जागा कुठे आहे?”

मी लगेच काही बोलले नाही. चार वर्षांपूर्वी आमच्याही बाथरूममध्ये गॅसचाच गीझर होता. कंपनी नामांकित, दुकान ओळखीचे, बसवणारा माणूस अनुभवी. डिसेंबरातल्या एका सकाळी मधली मुलगी आंघोळीला गेली. थंडी म्हणून तिने वरची खिडकीही लावून घेतली. पंधरा मिनिटे झाली, पाण्याचा आवाज येत होता, पण हाकेला ओ नव्हती. दार ठोठावले तेव्हा कशीबशी कडी निघाली. मुलगी भिंतीला धरून उभी होती, चेहरा उतरलेला. अंगणात आणून बसवले तशी तिला उलटी झाली, डोके दिवसभर दुखत राहिले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “घरात गॅसचा गीझर आहे का?” अल्लाहचे लाख शुक्र, ती वाचली.

सगळ्यांचे नशीब असे नसते. जानेवारी २०२० मध्ये मुंबईत बोरिवलीला एक शाळकरी मुलगी अशाच बंद बाथरूममध्ये बेशुद्ध पडली आणि काही दिवसांनी दगावली. मार्च २०२३ मध्ये घाटकोपरला रंग खेळून आलेले पती-पत्नी बाथरूममध्ये मृत आढळले, तेव्हाही संशय गॅस गीझरवरच गेला.

हे होते कसे? एक लिटर एलपीजी नीट जळायला सुमारे पंचवीस ते तीस लिटर हवा लागते. चार बाय सहाच्या बंद खोलीत ती हवा लवकर खराब होते. ऑक्सिजन कमी पडला की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास मिसळलेला असतो. ह्या वायूला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणसाला चक्कर येते, पाय जड होतात आणि दारापर्यंत जायचे बळ राहत नाही. म्हणजे गळती नाही, बिघाड नाही, गीझर नवाकोरा, तरीही जीव जाऊ शकतो. गीझरवर कोणत्या कंपनीचे नाव आहे, याने इथे काहीच फरक पडत नाही.

मला आमच्या दादींचा तांब्याचा बंब आठवतो. त्यात पऱ्हाटी, तुराट्या, मक्याची कणसे, हाताला येईल ते जळायचे. धुराने डोळे चुरचुरायचे, राखेने भांडी घासली जायची. पण तो बंब होता अंगणात, उघड्यावर. पाणी बादलीतून न्हाणीत यायचे, आग बाहेर राहायची. आपण बंब टाकून गॅसचा गीझर आणला, तो सुधारणा म्हणून. मात्र अंगणातली आग उचलून बंद खोलीत ठेवली, हे लक्षातच आले नाही.

म्हणून भावाला म्हटले, गॅसचाच हवा असेल तर तो बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवर, उघड्या हवेत लाव आणि पाईपने पाणी आत घे. त्यावर आयएस १५५५८ ची आयएसआय खूण बघ. तेवढी जागा नसेल तर गॅसचा विचार सोडून दे. त्याच्या घरी आणखी एक अडचण होती. टाकी थेट स्लॅबवर, नळापासून जेमतेम दोन-तीन मीटर उंच. पाण्याला ठराविक जोर असल्याशिवाय गॅसचा गीझर पेटतच नाही. लोक मग कंपनीला शिव्या देतात.

शेवटी विजेचा ठरला. दुकानात रॅकोल्ड, बजाज, क्रॉम्प्टन, हॅवेल्स, व्ही-गार्ड, ए. ओ. स्मिथ असे सगळे ओळीने टांगलेले असतात. रॅकोल्डचा कारखाना आपल्या चाकणचा, व्ही-गार्ड कोचीची, ए. ओ. स्मिथ मूळची अमेरिकेची. विक्रेता म्हणतो, “हा जास्त लवकर तापवतो, वीज कमी खातो.” ह्यावर एक हिशेब सांगते. पंधरा लिटर पाणी वीस अंशांवरून साठ अंशांवर न्यायला सुमारे ०.७ युनिट वीज लागते. कोणत्याही कंपनीच्या गीझरला लागते. दोन किलोवॅटची कॉइल असेल तर वीस-एकवीस मिनिटे. त्या पाण्यात तेवढेच गार पाणी मिसळले की चाळीस अंशांचे तीस लिटर होते, म्हणजे दोन माणसांची आंघोळ.

मग तारे कशाचे? ते मुख्यतः टाकी पाणी किती वेळ गरम ठेवते त्याचे. बटण दिवसभर चालू राहणाऱ्या घरात पाच तारे पैसे वाचवतात. आंघोळीआधी अर्धा तास लावून बंद करणाऱ्याला तो फरक थोडाच जाणवतो. तीन लिटरचा तीन किलोवॅटचा गीझर वुजूला आणि स्वयंपाकघराला उत्तम, पण तो तेरा अँपिअर ओढतो. जुन्या वायरिंगवर लावू नये.

आपल्याकडे कंपनीचा खरा कस लागतो तो पाण्याने. बोअरचे पाणी जड. कॉइलवर पांढरा थर बसतो, पाणी उशिरा तापू लागते, शेवटी कॉइल जळते. म्हणून टाकीला आतून काचेचा लेप आहे का, मॅग्नेशियमचा दांडा आहे का, हे विचारावे. हा दांडा टाकीऐवजी स्वतः झिजतो, तो संपला की बदलावा लागतो. तापमान पन्नास-पंचावन्नवर ठेवले तर थरही कमी बसतो. वॉरंटी बघताना टाकीची, कॉइलची आणि पूर्ण गीझरची मुदत वेगवेगळी वाचावी. मोठ्या अक्षरांत छापलेली वर्षे बहुधा टाकीची असतात.

आणि कंपनी निवडायचा माझा उपाय अगदी साधा आहे. खरेदीआधी तिच्या ग्राहक सेवेला फोन करायचा, मेहकरचा पिनकोड ४४३३०१ सांगायचा आणि विचारायचे, माणूस कुठून येईल, किती दिवसांत येईल, सुटा भाग मिळेल का. भावाने माझ्यासमोर तीन ठिकाणी फोन लावले. एकीकडे फोनच लागेना. दुसरीकडून उत्तर आले, तुमच्या भागात सध्या कोणी नाही. तिसरीने माणसाचा नंबर दिला, त्याने स्वतः उचलला. दुकानदाराने सुचवलेली कंपनी ह्या तिघांत दुसरी होती.

पंधरा लिटरचा आणला. बसवणारा आला तेव्हा मी मुद्दाम गेले. सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात म्हणून तो तोंड बंद करायला निघाला होता. मी थांबवले. पाणी तापले की फुगते, वाढलेला दाब तिथूनच निघतो. ते तोंड बंद केले तर टाकी फुटू शकते. अर्थिंग तपासली, तर नव्या घरात अर्थिंगची तार नुसती भिंतीत सोडलेली. इलेक्ट्रिशियन म्हणाला, “मॅडम, इकडे सगळे असेच असते.” भावजयीने त्याला चहा दिला आणि खड्डा खणल्याशिवाय जाऊ दिले नाही. कोळसा-मीठ घालून अर्थिंग केली, तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालायचे काम भाच्याकडे दिले आहे.

ह्या सगळ्यात गीझर पाच दिवस खोक्यातच राहिला. तोवर भावजयीने पाणी चुलीवर तापवले, मागच्या अंगणात.