शिक्षकाची लेखणी आणि वर्गातील अनुभव

वकिलाला जुन्या निवाड्यांचे संग्रह हाताशी मिळतात आणि वैद्याला पूर्वसूरींनी लिहून ठेवलेली रोगवर्णने मिळतात. शिक्षकाच्या व्यवसायात मात्र अनुभवाची अशी शिदोरी क्वचितच मागे उरते. तीस वर्षे अध्यापन केलेला शिक्षक निवृत्त होतो, त्याला शाल-श्रीफळ अर्पण केले जाते, आणि मुले कोठे अडतात व ती अडचण कशी दूर होते याविषयीचे त्याचे ज्ञान त्याच्याबरोबरच शाळेबाहेर जाते. त्याच्या जागी आलेला तरुण पुन्हा श्रीगणेशापासून आरंभ करतो. ही हानी टाळण्याचे एक अल्पखर्चाचे साधन शिक्षकांच्या हाती आहे. ते म्हणजे शिक्षकसंघांची वार्तापत्रे.

या पत्रांत वेतनश्रेणी, बदल्या, अधिवेशनांचे वृत्तान्त यांना स्थान असते व ते योग्यच आहे. परंतु संघ हा जसा हक्कांचा रक्षक, तसाच तो व्यवसायाचाही पालक असतो. आपल्याकडे ही जाणीव नवी नाही. गेल्या शतकापूर्वीच्या शतकात कृष्णशास्त्री व विष्णुशास्त्री चिपळूणकर या पितापुत्रांनी ‘शालापत्रका’चे संपादन केले. पुढे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या ‘शिक्षणपत्रिके’तून बालशिक्षणाचा विचार शिक्षकांपर्यंत व पालकांपर्यंत नेला. गिजुभाईंचे ‘दिवास्वप्न’ हे पुस्तक तर चौथीच्या वर्गात वर्षभर केलेल्या प्रयोगांचीच कथा होय. त्याचे सामर्थ्य तत्त्वचर्चेत नसून, शिक्षक वर्गात शिरल्यावर प्रत्यक्ष काय घडले हे सांगण्यात आहे.

वार्तापत्राकडे येणारे पुष्कळसे लेख मात्र ‘शिक्षणाचे महत्त्व’ किंवा ‘आदर्श शिक्षक’ अशा विषयांवरचे असतात. त्यांत खोटे काही नसते, पण सोमवारी सकाळी वर्गावर उभे राहणाऱ्यास उपयोगी पडेल असेही काही नसते. उपयुक्त लेखाचा विषय लहान असावा लागतो. दुसरीच्या वर्गातील एक नित्याची चूक उदाहरणादाखल घेता येईल.

शिक्षक ‘त्रेपन्न’ म्हणतात आणि काही मुले ३५ लिहितात. हा निष्काळजीपणा नव्हे. मराठीत एकक आधी उच्चारला जातो व दशक मागून येतो. लिहिताना मात्र दशक आधी येतो. मूल कानाशी प्रामाणिक राहते, म्हणूनच चुकते. ‘एकोणपन्नास’मध्ये तर चाराचा उच्चारच नाही, ऐकू येतो तो पन्नास, आणि पाटीवर उमटतात ५९. कानडी व तेलुगू भाषांत दशक आधी बोलला जातो, हिंदी व गुजराती यांत मराठीप्रमाणेच एकक आधी येतो. त्यामुळे बेळगाव किंवा हैदराबाद येथील मराठी मुलापुढची अडचण आणि इंदूर किंवा बडोदे येथील मुलापुढची अडचण अगदी एकच असेल असे नाही.

आता यावरचा लेख कसा असावा? ‘शैक्षणिक साधनांचा प्रभावी वापर केला’ या वाक्याने कोणाचेच काम भागत नाही. दहा-दहा काड्यांच्या पाच जुड्या व तीन सुट्या काड्या मुलापुढे ठेवल्या. ५० लिहिलेल्या पत्त्यातील शून्यावर ३ लिहिलेला लहान पत्ता ठेवला. मुलाने ‘पन्नास आणि तीन’ म्हटले व मग ‘त्रेपन्न’ म्हटले. एकोणपन्नाससाठी पाच जुड्यांतील एक जुडी सोडून एक काडी काढून घेतली, तेव्हा चार जुड्या व नऊ सुट्या काड्या उरल्या आणि चार कोठून आले हे मुलाने डोळ्यांनी पाहिले. इतके लिहिले की दुसऱ्या गावचा शिक्षक हा पाठ उद्या घेऊ शकतो.

त्याबरोबर आणखी काही गोष्टी सांगणे अगत्याचे ठरते. वर्गात मुले किती होती, किती दिवस लागले, आरंभी किती मुले चुकत होती आणि महिन्यानंतर किती, हे आकडे नोंदवहीतून घ्यावेत, स्मरणातून नव्हे. एकाच खोलीत दोन इयत्ता बसत असतील तर त्या वेळी दुसरी इयत्ता काय करीत होती, हेही लिहावे. वाचणाऱ्याची पहिली शंका बहुधा तीच असते. उपाय जेथे चालला नाही ती जागा लपवू नये, कारण दुसऱ्याचा वेळ वाचतो तो नेमका तेथेच. मुलाचे नाव मात्र छापू नये. त्याची चूक शिकण्यासाठी आहे, गावभर होण्यासाठी नाही.

अशा लेखनावाचून काय अडते, याचे प्रत्यंतर २०१९ साली आले. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी संख्यावाचनाची पद्धत देण्यात आली, आणि वृत्तपत्रांपासून विधिमंडळापर्यंत वाद माजला. एका पक्षाला भाषेचे वैभव बुडाल्यासारखे वाटले, दुसऱ्याला मुलांचे ओझे हलके झाल्यासारखे वाटले. दोन्ही बाजूंची कळकळ खरी होती. परंतु या प्रश्नाचा निकाल भावनेपेक्षा पाट्यांवर अधिक चांगला लागतो. कोणत्या संख्या चुकतात, किती दिवस चुकतात, जोडाक्षरी नावे न सोडता ती चूक दूर होते किंवा नाही, हे ज्यांनी रोज पाहिले त्या शिक्षकांच्या लेखी नोंदी विपुल असत्या, तर वादाला भक्कम आधार मिळाला असता. जो व्यवसाय आपला अनुभव लिहून ठेवीत नाही, त्याच्याविषयीचे निर्णय इतरांनी घ्यावेत यात नवल नाही.

शिक्षक लिहीत नाहीत याचे कारण आळस हे क्वचितच असते. भाषा ‘साहित्यिक’ नाही हा संकोच असतो, आणि अपयश कबूल केल्यास वरिष्ठ काय म्हणतील ही धास्ती असते. पहिला संकोच संपादकाने दूर करावा. साधे वाक्य तसेच राहू द्यावे; जेथे ‘मुलांना समजले’ असे असेल तेथे ‘कशावरून?’ एवढेच विचारावे. दुसरी धास्ती अधिकाऱ्यांनी दूर करावी. न साधलेल्या पाठाचा प्रामाणिक वृत्तान्त हा दोषाचा पुरावा न मानता कामाचा पुरावा मानला, तर पुष्कळ लेखण्या चालू लागतील.

एक अडचण, एक उपाय, एक नोंद इतके एका पानात मावते. असे एक पान प्रत्येक अंकात आले, तर काही वर्षांत संघाच्या कपाटात जो संग्रह जमेल, तो नव्या शिक्षकाला पहिल्या दिवशी हाती देण्याजोगा असेल.